ओक्लाहोमा सिटीत स्थानिक टीव्ही बातम्या आजही पाहाव्यात का?

एडमंडवासी
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आम्ही न्यू जर्सीहून ओक्लाहोमा सिटीच्या उत्तरेला असलेल्या एडमंडला राहायला आलो आहोत. तिकडे असताना आम्ही स्थानिक वाहिनी क्वचितच लावत असू. बातम्या फोनवर वाचायच्या आणि हवामानही तिथेच पाहायचे, अशी सवय होती. येथे मात्र कार्यालयातील सहकारी वाहिन्यांवरील हवामानतज्ज्ञांची नावे घरच्या माणसांसारखी घेतात. मागच्या आठवड्यात आकाश भरून आले, तेव्हा मुख्य वाहिन्यांनी संध्याकाळचे सगळे कार्यक्रम बाजूला ठेवले आणि रात्रीपर्यंत फक्त वादळ दाखवले. हेलिकॉप्टरमधून चित्रण, गाडीतून वादळाच्या मागे धावणारी माणसे आणि पडद्यावर सतत हलणारा लाल-हिरवा नकाशा हे सगळे पाहून माझी पत्नी धास्तावली आणि मुलांना झोप लागेना. ते वादळ आमच्यापासून बरेच दूर होते, हे नंतर समजले.

म्हणून जाणकारांना विचारतो, की ही खरोखर लोकसेवा आहे की प्रेक्षक मिळवण्याची स्पर्धा? फोनवर इशारा येत असताना टीव्हीची गरज उरते का? आणि पाहायचेच असेल, तर काय आणि कसे पाहावे?

लालमाती
गरज उरते, असे माझे ठाम मत आहे. सविस्तर रात्री लिहिते.

नॉर्मनकर
एडमंडवासी, स्वागत आहे. मी दक्षिणेला, नॉर्मनमध्ये, विद्यापीठाच्या जवळ राहतो आणि हवामानशास्त्राशी माझा कामानिमित्त संबंध येतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या शहराच्या इतिहासातून द्यावे लागेल, त्यामुळे थोडे लांबण लागेल.

टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या विध्वंसक चक्रवाताचा, पहिला यशस्वी अंदाज याच शहराला लागून असलेल्या टिंकर हवाई तळावर वर्तवला गेला. २० मार्च १९४८ रोजी तळावर टोर्नेडो येऊन मोठे नुकसान झाले. त्यानंतर फॉबुश आणि मिलर या दोन हवाईदल अधिकाऱ्यांना कारणे शोधण्याचे काम मिळाले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना तशीच परिस्थिती दिसली, त्यांनी अंदाज दिला आणि त्या संध्याकाळी तळावर पुन्हा टोर्नेडो आला. मात्र नागरी हवामान खाते त्या काळी लोकांसाठीच्या अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच येऊ देत नसे, कारण लोक घाबरून सैरावैरा धावतील अशी त्यांना भीती होती. ते बंधन १९५०मध्ये सैल झाले. १९५२च्या मार्चमध्ये येथील डब्ल्यूकेवाय वाहिनीवरील हॅरी व्होल्कमन यांनी टोर्नेडोचा इशारा थेट प्रेक्षकांना दिला. ही वाहिनी १९४९ साली सुरू झाली होती. तीच आजची केएफओआर, म्हणजे चॅनल ४.

तुमच्या पत्नीला आणि मुलांना जी धास्ती वाटली, तिचाच विचार करून एके काळी सरकारने मौन पाळले होते. मौनापेक्षा धास्ती परवडते, हा धडा या शहराने फार लवकर घेतला, असे मला वाटते.

तळटीप
नॉर्मनकर यांच्या प्रतिसादात हवामानतज्ज्ञ गॅरी इंग्लंड यांचे नाव आले नाही, याचे आश्चर्य वाटले.

नॉर्मनकर
तळटीप, त्यांच्यासाठी वेगळा प्रतिसाद राखून ठेवला होता.

गॅरी इंग्लंड मूळचे वायव्य ओक्लाहोमातील सीलिंग या लहान गावचे. नौदलात काम करून ते ओक्लाहोमा विद्यापीठात गणित आणि हवामानशास्त्र शिकले आणि १९७२ साली केडब्ल्यूटीव्हीवर, म्हणजे चॅनल ९वर, आले. २०१३पर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते त्याच पडद्यावर होते. जून २०२५मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा प्रतिस्पर्धी वाहिन्यांनीही त्यांना आदरांजली वाहिली.

त्यांचे मोठे काम १९८१मधले आहे. पाऊस कुठे पडतो आहे एवढे साधे रडार दाखवते, तर वादळाच्या पोटातील वारा कोणत्या दिशेने फिरतो आहे हे डॉप्लर रडार दाखवते. नॉर्मनच्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेने २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी येथील टोर्नेडो डॉप्लरने सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपला होता, पण ते संशोधनाचे यंत्र होते. सरकारी डॉप्लर रडारांचे देशभर जाळे उभे राहायला १९९०चे दशक उजाडावे लागले. त्याच्या बऱ्याच आधी इंग्लंड यांनी आपल्या वाहिनीच्या मालकांना पटवून असे रडार विकत घ्यायला लावले, आणि एका खासगी वाहिनीकडे डॉप्लर रडार येण्याची ती पहिलीच वेळ होती. ही वाहिनी ग्रिफिन कुटुंबाची आहे आणि आजही त्यांच्याकडेच आहे. मालक त्याच शहरात राहत असेल, तर असा खर्च त्याच्या गळी उतरवणे सोपे जाते, हे माझे मत.

सांजवेळ
मी येथे पुष्कळ वर्षे आहे. ३ मे १९९९चा दिवस आम्ही शहराच्या दक्षिणेला लागून असलेल्या मूर गावात काढला. त्या दिवशी ब्रिज क्रीकपासून मूरपर्यंत आलेल्या टोर्नेडोत ट्रकवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे ३०० मैल वेगाचा वारा मोजला होता, आणि त्या एका टोर्नेडोने थेट ३६ बळी घेतले. घरे अक्षरशः पायापर्यंत नाहीशी झाली होती. इतक्या दाट वस्तीतून तो गेला असूनही बळींची संख्या याहून कितीतरी मोठी झाली नाही, याचे श्रेय आम्ही सगळे हवामान खात्याच्या इशाऱ्यांना आणि टीव्हीवरच्या माणसांना देतो.

टीव्हीवरून नेमके काय मिळत होते, ते सांगते. निवेदक ‘मूर परिसरात टोर्नेडो’ एवढेच सांगून थांबत नव्हते. तो आता कोणत्या रस्त्याजवळ आहे, पुढचा मोठा चौक कधी ओलांडेल आणि कोणत्या शाळेच्या बाजूने जाईल, हे ते सांगत होते. या शहराचे मोठे रस्ते मैलामैलावर सरळ आखलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याला स्वतःचे अंतर लगेच कळते. आम्ही शेजाऱ्यांच्या जमिनीखालच्या निवाऱ्यात गेलो, ते त्या रस्त्यांची नावे ऐकून. गावातला इशाऱ्याचा भोंगा तर त्याआधी बराच वेळ वाजत होता, पण भोंग्याला रस्त्याचे नाव सांगता येत नाही.

दक्षिणवारा
सांजवेळताई, तुमच्या अनुभवाचा मान राखून एक दुसरी बाजू मांडतो. ३१ मे २०१३ची संध्याकाळ कुणी विसरू नये.

त्याच्या अकरा दिवस आधी, २० मे रोजी, मूरमध्ये टोर्नेडोने २४ माणसे गेली होती आणि त्यांत प्लाझा टॉवर्स शाळेतील सात मुले होती. शहर भेदरलेले होते. ३१ मे रोजी पश्चिमेकडे एल रेनोजवळ २.६ मैल रुंदीचा टोर्नेडो झाला. नोंदलेल्या टोर्नेडोंमध्ये त्याची रुंदी सर्वांत जास्त आहे. तो शहराकडे येतो आहे असे दिसताच एका वाहिनीवरून सांगण्यात आले, की ज्यांना जमिनीखाली जाता येत नसेल त्यांनी गाडी काढून दक्षिणेकडे निघावे. असंख्य लोक निघाले, काही सल्ल्यामुळे आणि काही आपल्याच भीतीमुळे. महामार्ग तुंबले. माणसे गाड्यांत अडकून पडली आणि वादळ त्यांच्या दिशेने येत राहिले. टोर्नेडो शहरात शिरण्यापूर्वीच विरला, म्हणून फार मोठा अनर्थ टळला. तरी त्या टोर्नेडोचे आठही बळी गाड्यांमध्येच होते, आणि टिम समारास यांच्यासारखा अनुभवी संशोधक, त्यांचा मुलगा आणि सहकारी त्यांत गेले.

ज्या आवाजावर शहर डोळे मिटून विश्वास ठेवते, त्या आवाजाने एक वाक्य चुकीचे उच्चारले तर काय होते, हे त्या दिवशी दिसले. म्हणून एडमंडवासी यांची शंका मला रास्त वाटते.

लालमाती
दक्षिणवारा, तुम्ही सांगितलेले खरे आहे, पण त्याचे मूळ थोडे मागे आहे. १९९९मध्ये ‘जमिनीखाली गेलात तरच वाचाल’ असे सांगितले गेले. त्या एका टोर्नेडोच्या वाटेतल्या माणसांसाठी ते जवळजवळ खरे होते. पण लोकांनी तेच वाक्य प्रत्येक टोर्नेडोसाठी गाठीशी बांधले. येथे तांबड्या चिकणमातीमुळे आणि इतर कारणांनी तळघरे फारच थोड्या घरांना आहेत. ज्याच्याकडे तळघर नाही आणि ज्याने चौदा वर्षे हेच ऐकले आहे, तो गाडी काढणारच. बहुतेक टोर्नेडो इतके प्रचंड नसतात, आणि तळमजल्यावरच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत माणूस बहुतेक वेळा वाचतो, हे तितक्याच वेळा सांगायला हवे होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९९१च्या एप्रिलमध्ये कॅन्ससमध्ये एका वाहिनीच्या चमूने महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेतला आणि ते चित्रण देशभर दाखवले गेले. तो टोर्नेडो दुबळा होता आणि त्या पुलाची रचनाही वेगळी होती, पण पूल म्हणजे सुरक्षित जागा अशी समजूत पसरली. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन माणसे दगावली, कारण पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा जोर आणि उडणारे अवशेष यांपासून कसलाच आडोसा मिळत नाही. टीव्हीवरील चित्र मनात किती खोल रुजते, याचा हा पुरावा मानावा. याच वाहिन्या आता दरवर्षी ‘पुलाखाली थांबू नका’ असे बजावतात, हेही नोंदवायला हवे.

गुलमोहर
आमच्या घरी सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यात येतात, तेव्हा नेमका एप्रिल-मे, म्हणजे टोर्नेडोचा मोसम असतो. त्यांना इंग्रजी फारसे समजत नाही. पण आपल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आकार त्यांनी नकाशावर ओळखायला शिकून घेतला आहे, आणि तो रंगला की त्या आम्हाला हाक मारतात. एडमंडवासी, तुमचे आईवडील येणार असतील, तर त्यांना हे आधी शिकवा.

तळटीप
गुलमोहर यांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. ३१ मे २०१३च्या त्याच रात्री शहरात महापूर आला. ग्वाटेमालातून आलेल्या एका कुटुंबातील माणसे टोर्नेडोच्या भीतीने पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या भुयारी नाल्यात लपली आणि पाण्याने वाहून गेली. इंग्रजी प्रसारणात पुराचा धोका सांगितला जात होता, पण तो त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. आपल्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांची स्थिती याहून फार वेगळी नसते. दिवसा आपण कामावर असतो आणि घरी तेच असतात.

पाऊलवाट
हवामानाखेरीज इतर बातम्यांचे काय? येथील निवेदकांबद्दलही कुणी लिहावे.

सांजवेळ
लिहिते, कारण हवामानतज्ज्ञांवरचा विश्वास त्याच मातीत वाढला आहे.

या शहरात ओगल कुटुंब प्रसिद्ध आहे. वडील जॅक ओगल डब्ल्यूकेवायचे नामवंत निवेदक होते. त्यांचे तीन मुलगे केविन, केंट आणि केली हे तिघेही याच शहरात निवेदक झाले. केविन आणि केंट चॅनल ४वर, तर केली चॅनल ९वर. संध्याकाळी दोन सख्खे भाऊ दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर एकाच वेळी बातम्या देत असत. केविन यांची मुलगी ॲबिगेल तिसऱ्या वाहिनीवर, म्हणजे चॅनल ५वर, गेली. लिंडा कॅव्हॅनॉ यांनी चॅनल ४वर सुमारे चार दशके काढली आणि २०१७मध्ये त्या निवृत्त झाल्या. मोठ्या शहरांत अशी माणसे दोन-चार वर्षांत पुढच्या नोकरीला निघून जातात. येथे ती थांबतात, येथेच त्यांची मुले शाळेत जातात आणि दुकानात तुमच्या मागे रांगेत उभी असतात.

१९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी शहरातील मरा या सरकारी इमारतीसमोर बॉम्बस्फोट झाला आणि १६८ माणसे गेली, त्यांत १९ लहान मुले होती. त्या दिवसांत याच निवेदकांनी तासन्‌तास पडद्यावर बसून रक्तदान कुठे करायचे, कोणता रस्ता बंद आहे आणि नातेवाइकांनी कुठे जमायचे, हे सांगितले. देशभरच्या वाहिन्यांवर तेव्हा परदेशी हल्लेखोरांचे तर्क सुरू होते. आम्हाला गरज होती ती शेजारच्या रुग्णालयाच्या माहितीची. ती स्थानिक माणसांनी दिली आणि शहराने ते लक्षात ठेवले.

शाळेला सुट्टी आहे का, शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्यात कोण जिंकले, असल्या साध्या बातम्या वर्षभर ज्याच्याकडून ऐकतो, त्याचा आवाज एका संध्याकाळी बदलला की आपल्याला लगेच कळते. तो रोज ओरडत नाही, म्हणून ज्या दिवशी आवाज चढवतो त्या दिवशी आपण उठतो.

नर्मदेकाठ
मी ॲलाबामातील बर्मिंगहॅमला राहतो, आमच्याकडेही अगदी असेच आहे. टीव्हीवरील हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन यांनी कोट काढून ठेवला आणि नुसते गॅलस दिसू लागले, की प्रसंग गंभीर आहे हे लहान मुलालाही कळते. २७ एप्रिल २०११ रोजी एकाच दिवसात राज्यात ६२ टोर्नेडो झाले, तेव्हा ते अखंड बोलत होते. मार्च २०२१मध्ये प्रसारण चालू असतानाच टोर्नेडो त्यांच्या स्वतःच्या घरावरून गेला. पत्नी सुखरूप असल्याची खात्री करण्यापुरते ते दूर झाले आणि थोड्या वेळाने पुन्हा पडद्यावर आले. आमच्या राज्यात हे नाव काढले की पक्षभेद गळून पडतात.

दक्षिणवारा
सांजवेळताईंनी सांगितलेला आपलेपणा मला मान्य आहे. तरी व्यवसायाची बाजू नजरेआड करू नये. प्रत्येक वाहिनी आपले रडार सर्वांत शक्तिशाली असल्याची जाहिरात करते, हेलिकॉप्टर आणि पाठलाग करणारी पथके बाळगते आणि हे सारे प्रेक्षकसंख्येवर उभे आहे. शिवाय वाहिन्यांची मालकी बदलते आहे. चॅनल ४ आधी येथील वृत्तपत्राच्या मालकांची होती. अनेक हात बदलून २०१९मध्ये ती नेक्सस्टार या अवाढव्य कंपनीकडे गेली. चॅनल ५ १९९७पासून हर्स्ट कंपनीकडे आहे. दूर बसलेला मालक खर्च कापू लागला, तर पहिली गदा अनुभवी आणि म्हणून महागड्या माणसांवर येईल. चाळीस वर्षे एका जागी राहणारे निवेदक पुढच्या पिढीला मिळतील का, याची मला खरी चिंता आहे.

लालमाती
ती चिंता माझीही आहे. म्हणूनच या वाहिन्या पाहत राहिल्या पाहिजेत, असे मी सुरुवातीला म्हटले. प्रेक्षकच उठून गेले, तर ती माणसे कुणासाठी थांबतील?

एडमंडवासी
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका मात्र उरते. फोनवर इशारा येतोच. मग त्यापलीकडे टीव्ही नेमके काय देतो?

नॉर्मनकर
मिसूरीतील जॉप्लिन येथे २०११ साली झालेल्या टोर्नेडोनंतर हवामान खात्याने वाचलेल्या लोकांशी बोलून तपासणी केली. पहिला इशारा मिळताच बहुसंख्य लोक हललेच नाहीत. त्यांना दुसऱ्या कुठून तरी खात्री करून हवी होती: कुणी बाहेर जाऊन आकाश पाहिले, कुणी टीव्ही लावला. माणसाचा स्वभावच असा आहे. फोनचा इशारा झोपेतून उठवतो. मग आपण खात्रीसाठी कुठे वळतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. इशारा आणि टोर्नेडो यांच्यात सहसा दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. ती समाजमाध्यमांवरचे जुने व्हिडिओ पाहण्यात गेली, तर हाती काही उरत नाही. ओळखीचा चेहरा आणि आपल्या रस्त्याचे नाव यांनी ती खात्री काही सेकंदांत होते.

तुमच्या घरच्यांच्या भीतीवरही एक उपाय आहे. २००७पासून इशारे संपूर्ण काउंटीला न देता नकाशावर चौकट आखून दिले जातात. आपले घर त्या चौकटीच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहायचे. बाहेर असेल आणि वादळ आपल्यापासून दूर जात असेल, तर आवाज बंद करून मुलांना खुशाल झोपवा.

गुलमोहर
आणि शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजला तर घाबरू नका, ती दर आठवड्याची चाचणी असते. सासूबाईंना हे आधी सांगायला हवे असते.

सांजवेळ
एडमंडवासी, कोणती वाहिनी पाहावी असे तुम्ही विचारले होते. तिन्हींवर जाणकार माणसे आहेत; शांत दिवसांत आठवडाभर एकेक पाहा आणि ज्याचे बोलणे तुम्हा दोघांना नीट समजते तो निवडा. केबलचे पैसे भरायची गरज नाही. साधा अँटेना आणला की या वाहिन्या फुकट दिसतात, आणि वादळात इंटरनेट गेले तरी दिसत राहतात. वीज गेली तर उपयोगी पडावा म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओही घ्या, रात्री तोच उठवतो.

एडमंडवासी
अँटेना आणि रेडिओ या आठवड्यातच आणतो. आम्ही भाड्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्याकडे निवारा नाही. अशा वेळी काय करावे?

लालमाती
खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आजच ओळख करून घ्या आणि वादळाच्या दिवशी त्यांच्या मधल्या न्हाणीघरात येऊ का, असे स्पष्ट विचारा. येथे कुणी सहसा नाही म्हणत नाही. इमारतीच्या कार्यालयाकडे सामायिक निवाऱ्याची चौकशी करा. मुलांची सायकलची हेल्मेटे आणि सर्वांचे बूट त्या दिवशी दाराजवळ ठेवा. आणि चौकट तुमच्या घरावर आली, की टीव्हीसमोर थांबू नका, फोनवर आवाज चालू ठेवून खाली जा. गाडीची किल्ली मात्र घेऊ नका.

दक्षिणवारा
शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.